साभार परत, समक्ष

गेल्या महिन्यात एका नवलेखक कार्यशाळेत मला 'अनुभवी लेखिका' म्हणून बोलावलं होतं. विषय होता, आपलं लेखन प्रकाशित कसं करावं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणालाही अनुभवी म्हणायला फारसं धाडस लागत नाही. पण पुढे 'लेखिका' लावल्यामुळे मी दोन दिवस घरात जरा ताठ चालत होते. हे म्हणाले, "पाठ धरलीय का?"

व्यासपीठावर उभी राहिले. समोर मुलंमुली, मधूनमधून माझ्यासारख्या निवृत्त बायका, सगळ्यांच्या हातात पेन. आणि माझ्या लक्षात आलं की या विषयातलं मला जे काही ठाऊक आहे ते सगळं दुर्वेबाईंचं आहे आणि त्यातलं काहीही व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. दहा मिनिटांत आटोपतं घेतलं. संयोजकांना वाटलं, आजींना दम लागला. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, दहा मिनिटं? पाच जास्त झाली.

बाई जाऊन आता दोन वर्षं झाली. म्हणून हे लिहिण्याचा धीर होतोय. त्या असताना लिहिलं असतं तर हाच मजकूर पिशवीत घालून, दोन जिने चढून, माझा मलाच परत द्यायला आल्या असत्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठीची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. मुलगा बंगळुरूला, हे वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचण्यात दंग, आणि माझं असं ठाम मत झालेलं की माझ्यातली एक थोर लेखिका इतकी वर्षं केवळ डबे भरण्यापायी दबून राहिली आहे. तिची सुटका म्हणून मी एक कथा लिहिली होती. तिचं नाव 'सांजवेळी उमललेली अबोली'. हसा, मीही हसते. तेव्हा मात्र ते नाव कागदावर लिहून, कागद खिडकीत टेकवून, मी ते चार पावलं मागे जाऊन पाहिलं होतं.

अशात एका कार्यशाळेची जाहिरात आली. अनुभवी लेखक आणि संपादक मार्गदर्शन करणार होते. पहिले कादंबरीकार म्हणाले, स्वतःवर विश्वास ठेवा. मी लिहून घेतलं. वास्तविक त्याची माझ्याकडे कधीच टंचाई नव्हती. दुसरे प्रकाशक म्हणाले, वाचकाची नाडी ओळखा. तेही लिहून घेतलं. तिसऱ्या एक बाई होत्या. बारीक चण, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि पुढच्या थांब्यावर उतरायचं असल्यासारखी मांडीवर धरलेली कापडी पिशवी. शनिवार पेठेतून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाच्या त्या संपादक. अंकाचं नाव इथे देत नाही. फुकटची जाहिरात त्यांना खपायची नाही.

बाई उठल्या. माइक त्यांनी हातानं बाजूला सारला.

"कागदाच्या एकाच बाजूला लिहा. नाव-पत्ता शेवटच्या पानावर. पहिल्या पानावर नाव दिसलं की मला माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की मी मऊ पडते. छापून यायचं असेल तर आधी छापून न येण्याची सवय करा. झालं."

एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, आपण नवोदितांना संधी देता का?"

"संधी नाही देत. पानं देते. गोष्ट असली तर."

"आणि नसली तर?"

"नसली तर घरी येते."

सगळे हसले. मीही हसले. एक अक्षर कळलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी अबोली घेऊन शनिवार पेठेत गेले. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: 'कवींनी एका वेळी एकानेच वर यावे. जिना जुना आहे.' वर एका खोलीत टेबल, कपाट आणि बाई. त्यांनी माझी कथा घेतली, उलटी केली आणि शेवटचं पान वाचलं. पत्ता.

"कर्वेनगर. कितवा मजला?"

"दुसरा."

"लिफ्ट?"

"नाही हो. जुनी सोसायटी आहे आमची."

बाईंनी एक सुस्कारा सोडला. मला वाटलं, काय आपुलकी आहे.

पंधरवड्यानं फोन आला. "दुर्वे बोलतेय. गुरुवारी चार वाजता येते. असाल ना घरी?"

आता माझी स्थिती समजून घ्या. दिवाळी अंकाच्या संपादक स्वतः, दोन जिने चढून, एका नवोदितेच्या घरी येणार. मी हे भिशीत सांगितलं. मग वाटलं, सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं; म्हणून सगळ्या भिशीलाच गुरुवारी बोलावलं. साबुदाण्याची खिचडी केली, खोबऱ्याच्या वड्या थापल्या, ठेवणीतल्या कपबशा काढल्या. हे म्हणाले, "मुलगी बघायला येतायत का?"  ते अगदीच काही चुकीचं बोलत नव्हते.

बरोबर चारला बाई आल्या. बैठकीत बायकांची रांग पाहून थबकल्या.

"या कोण?"

"माझ्या मैत्रिणी. भिशीच्या."

"हं," बाई म्हणाल्या. "सहसा लोक एकट्यानं घेतात. पण असू दे. ऐकायला माणसं आहेत."

चहा आला. बाई चहा बशीत ओतून प्यायच्या, आवाज न करता. दोन बशा झाल्या. मग त्यांनी पिशवीतून माझी कथा काढली आणि माझ्या हातात दिली. "वाचा."

मी वाचलं. कथेच्या सुरुवातीला सूर्यास्त होता. पश्चिमा केशरी शालू नेसली होती. पक्षी घरट्याकडे परतत होते, आणि ते एकदा परतल्यावर मी त्यांना पुन्हा बाहेर काढून पुन्हा परतवलं होतं. पहिल्या पानाच्या शेवटी बाईंनी हात वर केला, तो कागद माझ्याकडून घेऊन टीपॉयवर ठेवला आणि त्याच्यावर आपली रिकामी बशी ठेवली. पालथी नाही, सरळ, खालून ओली.

"हे पान नाही असं समजा. पुढे वाचा."

पुढचं पान वाचलं. तेही बशीखाली गेलं. तिसऱ्या पानावर टेलिफोन एक्स्चेंजमधली माझी ऑपरेटर एक ट्रंककॉल जोडून देते आणि नियम मोडून तो ऐकत बसते. तिथे बाई थांबल्या आणि भिशीकडे वळल्या.

"पहिली दोन पानं नव्हती तर काही बिघडलं?"

 मग आमच्या समोरच्या पाटणकर वहिनी, ज्यांना मी आयुष्यभर साखर, मिरच्या आणि सल्ला उसना दिला, त्या म्हणाल्या, "नाही बाई, उलट पटकन कळलं."

"तुमचा फोन तिसऱ्या पानावर वाजतो," बाई मला म्हणाल्या. "वाचक तोवर बाहेर गेलेला असतो." मग त्यांनी सगळी पानं जुळवली, पाकिटात घातली आणि पाकीट दोन्ही हातांनी, हळदीकुंकवाचं वाण द्यावं तसं माझ्या पुढ्यात धरलं. "साभार परत."

ही त्यांची रीत. नाकारलेलं लिखाण पोस्टानं पाठवायचं नाही. लेखकाच्या घरी जाऊन, त्याचा चहा घेऊन, समक्ष परत करायचं. जे स्वीकारलं त्याचं मात्र काहीच कळवायचं नाही. ना फोन ना पत्र. दिवाळीत अंक निघाला की त्यात आपण आहोत असं कळायचं. म्हणजे जो घरी आला नाही तो संपादक प्रसन्न, आणि जो दारात उभा राहिला तो नाही. पुण्यातल्या सगळ्या लिहित्या माणसांना हे ठाऊक होतं. फक्त मला आणि माझ्या भिशीला नव्हतं.

जाताना जिन्यात मी त्यांना विचारलं, अर्थात कडू तोंडानं, की हे पोस्टानं का नाही पाठवलंत.

"पोस्टमन समजावून सांगत नाही."

"पण एवढे जिने चढून?"

"पोस्टानं परत आलं की लेखक संपादकाला शिव्या देतो. घरी नेऊन दिलं की चहा देतो. शिवाय साभार म्हणायचं आणि आभार मानायला जायचं नाही, हे बरं दिसतं का? खिचडी छान होती. दाण्याचं कूट जरा जास्त. पहिल्या दोन पानांसारखं."

आठवडाभर मी भिशीतल्या कुणाशी बोलले नाही. मग एके दुपारी कोणी घरात नाही असं पाहून कथा काढली. दोन्ही पानांवर चहाची गोल कडी उमटली होती, चंद्राला खळं पडावं तशी. ती दोन पानं मी बाजूला ठेवली. कथेचं नाव बदलून 'ट्रंककॉल' केलं. दुसऱ्या एका अंकाकडे पाठवली. त्यांनी छापली.

मला वाटलं, जिंकले. अंक घेऊन शनिवार पेठेत गेले. बाईंनी तो चाळला, माझी कथा उभ्यानंच वाचली.

"पुढची आणा," त्या म्हणाल्या.

तर असं ते सुरू झालं. दर वर्षी गणपतीच्या आधी मी बाईंना एक कथा द्यायची, आणि दर वर्षी नवरात्राच्या सुमारास बाई दोन जिने चढून यायच्या. चहा व्हायचा. बशी टेकायची, कधी सुरुवातीवर, कधी शेवटावर, एकदा तर अख्ख्या एका मावशीवर. ("ही कोण?" "नायिकेची मावशी." "तिला काय हवंय?" "काही नाही." "मग जाऊ दे तिला घरी.") त्या गेल्या की मी कडी बघून कापाकापी करायची, आणि ती कथा दुसरीकडे छापून यायची. आज माझ्या नावावर दोन कथासंग्रह आहेत. त्यांतली एकूण एक कथा बाईंनी नाकारलेली आहे.

आणि मला मात्र हवा होता त्यांचाच अंक. बाकीच्यांनी छापलेलं मला सासरच्यांनी केलेल्या कौतुकासारखं वाटायचं, ठीक आहे, पण आईनं म्हटलं पाहिजे. नवरात्र आलं की मी गॅलरीत फेऱ्या घालायची आणि फाटकाशी रिक्षा थांबली की कठड्यावरून वाकून बघायची. हे एकदा म्हणाले, "छापून यायला हवंय की बाई यायला हव्यात, ते एकदा ठरव. म्हणजे मी त्याप्रमाणे आलं आणून ठेवतो."

बाई लेखकांना नावानं हाक मारत नसत. राहत्या जागेनं मारत. मी 'कर्वेनगर'. धायरीचे एक मास्तर होते, ते 'धायरी'. "धायरीला परवा गेले होते. घर शोधायला सोपं, गोष्ट शोधायला अवघड." नावाजलेल्यांनाही सवलत नव्हती. एका फार मोठ्या लेखकाच्या बंगल्यावर त्या गेल्या, तेव्हा त्यांना पाहून ते म्हणाले, डिसेंबरपर्यंत माझी एकही तारीख मोकळी नाही. त्यांना वाटलं, बाई अध्यक्षपदाचं आमंत्रण घेऊन आल्यात. बाईंनी चहा संपवला आणि पिशवीतून त्यांची कथा काढून समोर ठेवली. मी विचारलं, मग? "मग काय. मोठा लेखक आहे. पण दुसऱ्या कपाला विचारलं नाही."

एका वर्षी माझी कथा परत करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "कर्वेनगर, मोकळ्या आहात का? खराडीला जायचंय. बारावा मजला आहे आणि मला ते लिफ्टचं बटण कळत नाही." मी लगेच चप्पल घातली. स्वतःचं साभार परत ताजं असताना दुसऱ्याचं बघायला मिळणं, यासारखा उतारा नाही.

खराडीचा लेखक होता निखिल वानखेडे. मूळचा यवतमाळचा, खराडीतल्याच एका आयटी कंपनीत नोकरीला. आई गावाहून आलेली होती. पोरगा हुशार, नम्र, आणि माझ्यासारखाच अजाण. "मॅम, तुम्ही पर्सनली आलात, आय मीन, धिस इज ह्यूज," असं म्हणून त्यानं लॅपटॉपच उघडला; त्याला वाटलं, आता मीटिंग.

चहा आला तो मगमध्ये. बाईंनी मगाकडे पाहिलं, मगाच्या खाली पाहिलं.

"बशी?"

"बशी नाहीये, मॅम. कोस्टर देऊ?"

"बशी नाही," बाई मला म्हणाल्या, डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला सांगावं तशा आवाजात. शेवटी आईनं चिवड्याची स्टीलची ताटली रिकामी करून दिली.

निखिलची गोष्ट पॅरिसमधल्या एका एकाकी चित्रकाराची होती. बाईंनी विचारलं, पॅरिसला होतात का. तो म्हणाला, नाही, पण लोकेशन युनिव्हर्सल ठेवलंय. ताटली पॅरिसवर बसली. मग चित्रकारावर. मग त्याच्या पावसावर. पोरगा घामाघूम झाला.

"मॅम, पण ॲपवर याला सगळ्यांनी फाइव्ह स्टार दिलेत. कॉमेंट्स बघा ना."

"मग माझ्याकडे कशाला आलात? हॉटेल चाललंय की तुमचं."

 निखिल लॅपटॉपचं झाकण लावत, आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "ॲपवरचं आईला दाखवता येत नाही, मॅम. तिला छापलेलंच खरं वाटतं."

आईला अर्थात ऐकू गेलं. ती म्हणाली, "मले काय दाखवतं रे. मले तं तो फ्रान्सचा माणूस जेवते काय, तेच नाही समजलं. आख्ख्या गोष्टीत उपाशीच हाय बिचारा."

बाईंनी पहिल्यांदा त्याच्या आईकडे नीट पाहिलं. मग ताटली उचलली, खालचा कागद घेतला आणि निखिलला जवळ बसवलं. त्या गोष्टीत चित्रकार आपल्या आईला फोन करतो आणि बोलण्यासारखं काही न सुचून तिला हवामान विचारतो, एवढ्या चार ओळी होत्या. त्या चार ओळींवर बाई अंधार पडेपर्यंत बसल्या. कुठल्या फोनवरून, उभा की बसलेला, ती आधी काय म्हणते, हा काय लपवतो. मी आणि निखिलची आई स्वयंपाकघरात. तिनं आम्हा सगळ्यांना जेवायला घातलं. निघताना बाईंनी पाकीट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाल्या, "साभार परत." निखिलनं ते वाकून घेतलं.

पुढच्या नवरात्रात मला निखिलचा फोन. आवाज घाबरलेला. "काकू, मॅम बऱ्या आहेत ना? मी स्टोरी देऊन दीड महिना झाला. अजून आल्याच नाहीत. मी बशापण आणून ठेवल्यात."

मला हसूही आलं आणि हेवाही वाटला. कारण बाई त्याच्या आदल्या दिवशीच माझ्याकडे येऊन गेल्या होत्या.

"निखिल," मी म्हटलं, "आईला दिवाळीला बोलावून घे."

या बाबतीत मी मोठ्या मनानं वागले असं लिहायला मला आवडलं असतं. मी सरळ शनिवार पेठेत गेले. जिन्यात कवी कोणी नव्हते.

"खराडीची दुसऱ्याच वर्षी घेतलीत," मी म्हटलं. "माझी का नाही?"

बाई प्रुफं बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याची पुढची ओळ काय असेल ते मला कळत नाही. तुमची कळते."

"मी इतकं वाईट लिहिते?"

"वाईट कुठे? नीटनेटकं लिहिता. तुम्ही वाचकाला हात धरून दारापर्यंत आणता, पाय पुसायला लावता, मग आत घेता. तो काही लहान नाही. दार उघडं टाका आणि आत जाऊन बसा. यायचं तर येईल." मग जरा थांबून, "मी मऊ पडले असते तर तुमची पहिलीच छापली असती. त्या खिचडीवर."

मी घरी आले. पाय पुसून आत गेले आणि त्या पायपुसण्याकडे बराच वेळ बघत बसले.

पुढे दोन-तीन वर्षं तशीच गेली. मग एका हिवाळ्यात बाई त्या जुन्या जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हातात काठी आली. उन्हाळ्यात कुठूनतरी कळलं की अंकाचं काही खरं नाही. निघाला तर हा शेवटचा. म्हणजे त्यांच्या अंकात यायची ही माझीही शेवटचीच वेळ. त्या वर्षी गणपतीआधी मी जी कथा दिली ती माझ्या एक्स्चेंजच्या शेवटच्या दिवसाची होती, हातानं जोडायचा बोर्ड बंद झाला त्या दिवसाची. इतकी वर्षं ती मी धरून ठेवली होती. एकही पक्षी घरट्याकडे परतला नव्हता. मावशी नव्हती. पत्ता शेवटच्या पानावर होता, आणि बाई तो आता वाचतही नव्हत्या.

नवरात्र लागलं. पहिली माळ, दुसरी माळ, बाई आल्या नाहीत. मी गॅलरीत. न येण्याचा अर्थ स्वीकारली असा होता. पण न येण्याचा अर्थ काठीनं दोन जिने चढवत नाहीत असाही होता. हे दोन अर्थ मी रोज आलटून पालटून घ्यायची. बाई येऊ नयेत असं वाटे, आणि मग स्वतःचीच लाज वाटून वाटे, येऊ देत, निदान चालत्या-फिरत्या तरी दिसतील. निखिलचे फोन. "काकू, आल्या?" "नाही." "मग काँग्रॅट्स म्हणू का?" "थांब जरा."

अष्टमीच्या दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. आधी काठी बाहेर आली. मग पाय. मग ती पिशवी, नेहमीपेक्षा फुगलेली.

"अहो, खाली जा," मी ह्यांना म्हटलं. "माझी गोष्ट परत आलीय."

आणि म्हणताना माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतंय.

हे धावत खाली गेले. जिन्यातून आवाज वर येत होता. "मला धरू नका, पिशवी धरा." एकेक पायरी, मध्ये थांबणं, पुन्हा काठीचा आवाज. वर येईतो चहा उकळून तयार होता. ह्यांनी पिशवी ठेवताना माझ्याकडे पाहिलं. तिच्यात पाकिटंच पाकिटं होती.

बाई बसल्या. श्वास जाग्यावर येईपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यंदा अंक नाही. जमत नाही आता. सगळ्यांचं सगळं परत."

"सगळ्यांचं? सगळ्यांच्या घरी जाताय?"

"मग? वाचलंय सगळं. फुकट गेलं असं वाटायला नको लेखकाला. खराडी सकाळी झालं. त्याच्याकडे आता सहा बशा आहेत, नक्षीच्या. त्याची आई आणखी घ्या म्हणत होती."

हे म्हणाले, "बाई, पुढची घरं मी पोचवतो. पत्ते द्या."

"तुम्ही काय पोस्टमन आहात? आलं छान ठेचता, तेवढं करा."

चहा झाला. एक बशी, दुसरी बशी. बाईंनी माझी कथा काढली. मी वाचायला हात पुढे केला, पण त्यांनी दिली नाही. पानं मांडीवर ठेवून त्या स्वतःच उलटत गेल्या. उजव्या हातात रिकामी बशी. पहिल्या पानावर ती खाली आली, जरा थांबली, वर गेली. दुसऱ्यावर थांबली नाही. मधल्या एका पानावर मी पुढे सरकून बसले. बशी तिथूनही गेली. शेवटचं पान झालं. बाईंनी बशी उचलली आणि कपाखाली, बशीनं असावं तिथे, ठेवून दिली.

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहत होते. हे दाराशी उभे होते, त्यांनी घसा खाकरला. मला डोळ्यांना पदर लावावासा वाटत होता, पण बाईंसमोर तसलं काही चालत नसे. त्यावरही बशी आली असती.

"अंक असता तर?" मी विचारलं.

"अंक नाही," बाई म्हणाल्या. "दुसरीकडे द्या. घेतील." मग दोन्ही हातांनी पाकीट. "साभार परत."

निघताना दाराशी त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. तोही काठी दुसऱ्या हातात घेण्यापुरता. खालपर्यंत सोडायला येते म्हटलं तर नको म्हणाल्या. हे पिशवी घेऊन बरोबर उतरले.

मी आत आले. काठीचा आवाज पायरीपायरीनं खाली चालला होता. कथा टीपॉयवर काढली आणि पानं उलटसुलट करून पाहिली. कुठे कडी नाही. स्वच्छ. दोन संग्रहांइतक्या कथा होऊन गेल्या आणि पहिल्यांदाच एक कोरडी. मी पुन्हा पाहिली. मग मला चैन पडेना. बशी पहिल्या पानावर जरा थांबली होती. थांबली होती, हे मी पाहिलं होतं.

बाईंची बशी अजून खालून ओली होती. मी ती घेतली आणि पहिल्या परिच्छेदावर ठेवली. त्या परिच्छेदात एक्स्चेंजमधली सकाळ होती, फुललेल्या स्टोव्हचा वास, बोर्डावरचे दिवे, फार सुरेख उतरलेली. ती झाकून खालचं वाचलं. "'नंबर सांगा,' मी म्हटलं, आणि पलीकडे कोणीच नव्हतं."

गोष्ट इथे सुरू होत होती. वरचं सगळं पायपुसणं होतं.

मी गॅलरीत धावले. चौऱ्याहत्तरीतलं धावणं नव्हे. तेव्हा मी तरुण होते, एकाहत्तरची. खाली हे पिशवी रिक्षात ठेवत होते. बाईंचा एक पाय आत होता.

"बाई," मी वरून ओरडले. समोरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं आली, पाटणकर वहिनी त्यांत होत्याच. "पहिला परिच्छेद."

बाईंनी मान वर केली. डोळ्यांवर हात धरून मला शोधलं.

"ठाऊक आहे," त्या खालून म्हणाल्या. "म्हटलं, बघू, तुमचं तुम्हाला दिसतं का."

मग दुसरा पाय आत घेतला, काठी आत घेतली, आणि त्याच काठीनं रिक्षावाल्याच्या पाठीला हलकेच ढोसलं. "चला. धायरी."